कालव्याकाठी मुरूमच हवा

मुठा उजव्या कालव्याकाठच्या पायवाटेवर पेव्हर ब्लॉक बसवावेत, ही आपल्या अंकातील सूचना वाचली. हेतू चांगला असला तरी ती अमलात येऊ नये. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो. दिवसभर तापलेले ब्लॉक संध्याकाळी सातलाही धग सोडत राहतात, झाडाखालची माती मात्र तोवर निवलेली असते. शिवाय भरावाची माती ओलीने फुगते आणि सुकली की आकसते. खालचा थर हलला की ब्लॉकची एखादी कड बोटभर वर येते आणि पहाटेच्या अंधारात धावणाऱ्याचा पाय नेमका तिथेच मुरगळतो.

त्याऐवजी चाळलेला मुरूम दहा सेंटिमीटर पसरावा, पाणी मारून रोलर फिरवावा आणि मीटरमागे दोन-तीन सेंटिमीटर उतार कालव्याच्या उलट बाजूला द्यावा. बुंध्यांभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवावी. पावसाळ्यानंतर घळी बुजवाव्या लागतील, हे खरे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, २७ सप्टेंबर २०१८ रोजी हाच कालवा दांडेकर पुलाजवळच्या वस्तीलगत फुटला होता. उघड्या भरावावर उंदीर-घुशींची बिळे आणि पाझराची ओल रोज चालणाऱ्यांच्या नजरेस पडते, ब्लॉकखाली ती झाकली जाईल. खर्च करायचाच तर कालव्याच्या आतल्या उतारावर ठरावीक अंतराने लोखंडी कड्या बसवाव्यात. शेवाळलेल्या अस्तरावर पडलेल्या माणसाच्या हाताला धरण्याजोगे काही लागत नाही.

– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे