केटामाइन आणि न लागणारे लक्ष

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नैराश्यावर झपाट्याने काम करणारे औषध म्हणून केटामाइनविषयी हल्ली बरेच छापून येते. त्यात ‘मन किती तासांत हलके झाले’ याची चर्चा असते, पण रुग्णाचे लक्ष पुन्हा लागू लागले का, हे क्वचितच विचारले जाते.

मी या आजारातून गेलो आहे. त्या दिवसांत एकच परिच्छेद चार-चार वेळा वाचला तरी शेवटच्या ओळीशी पोहोचेपर्यंत पहिली ओळ मनातून पुसली जात असे, आणि उदासीपेक्षाही मला त्याचीच जास्त धास्ती वाटे.

समोरच्या कामावर लक्ष खिळवणारे मेंदूतील जाळे आणि रिकाम्या वेळी स्वतःविषयीच्या विचारांत रमणारे जाळे ही दोन्ही सहसा आलटून-पालटून काम करतात. एक जागे झाले की दुसरे मंदावते. नैराश्यात दुसऱ्याचा जोर ओसरत नाही आणि तेच ते विचार घोळत राहतात. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केटामाइन दिल्यानंतर 24 तासांनी या दुसऱ्या जाळ्यातील परस्परजोडणी कमी झालेली एफएमआरआय या मेंदूची हालचाल टिपणाऱ्या चित्रणात दिसली. मात्र ती माणसे निरोगी होती, हा तपशील बातम्यांत गळता कामा नये. शिवाय औषध शिरेतून जात असताना, म्हणजे प्रचलित पद्धतीत सुमारे 40 मिनिटे, लक्ष आणि तात्पुरती स्मृती उलट ढासळतात, कारण चेतापेशींवरील संदेश टिपणारी एनएमडीए नावाची ग्राही प्रथिने अडवली गेल्याने ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाचा पेशींमधील संदेशच विस्कळीत होतो. दोन वेळांची ही दोन चित्रे एकत्र कालवली, तर वाचकाची दिशाभूल ठरलेली.

मोजपट्टीचाही विचार व्हायला हवा. नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या माँटगोमेरी-आस्बर्ग या प्रचलित मापनात दहा प्रश्नांपैकी एकच एकाग्रतेविषयी आहे, म्हणजे 60 पैकी फक्त 6 गुण. एवढ्या कमी वजनामुळे, एकूण गुण निम्म्यावर येऊन रुग्ण ‘प्रतिसाद देणारा’ ठरला, तरी त्याला पान वाचता येत नसेल, ही शक्यता उरतेच.

म्हणून माझी विनंती आहे की, अशा संशोधनाची बातमी देताना चित्रण औषधानंतर किती वेळाने घेतले, ते रुग्णांचे होते की निरोगी व्यक्तींचे, आणि लक्षाची स्वतंत्र चाचणी झाली होती का, या तीन गोष्टी आपल्या वार्ताहरांनी आवर्जून नमूद कराव्यात.

आपला नम्र,
एक वाचक