क्लेम नाकारला? आधी पॉलिसीवरची तारीख पाहा

महोदय,

आरोग्य विम्यात मोतीबिंदू, हर्निया किंवा गुडघेबदलाचा क्लेम 'प्रतीक्षा कालावधी (विमा घेतल्यावर ठरावीक आजारांची भरपाई न मिळण्याचा काळ) पूर्ण नाही' म्हणून नाकारला, की लोक डॉक्टरांचे दाखले गोळा करत सुटतात. त्याआधी पॉलिसीच्या शेड्यूलवर (तपशीलपत्रकावर) रुग्णाच्या नावापुढची पहिली विमा तारीख पाहावी. पॉलिसी पोर्ट करताना, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे नेताना, जुन्या कंपनीकडची वर्षे नव्या कंपनीच्या नोंदीत चढवायची राहून जातात. मग २०१९ पासून अखंड विमा असलेला माणूस कागदोपत्री २०२४ चा नवा ग्राहक ठरतो.

अशा वेळी जुनी सर्व शेड्यूल, पोर्टेबिलिटीचा अर्ज आणि हप्त्यांच्या पावत्या जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल करावा. त्यात दोन मागण्या स्पष्ट लिहाव्यात: पॉलिसी सुरू झाल्यापासून लागू होणारे तारखेचे दुरुस्तीपत्र (एन्डॉर्समेंट) आणि त्यानंतर क्लेमचा फेरविचार. नुसता फेरविचार मागितला तर क्लेम विभागाला संगणकावर तीच चुकीची तारीख दिसते आणि तोच नकार पुन्हा येतो. मात्र जुना विमा ५ लाखांचा आणि नवा १० लाखांचा असेल, तर वाढीव रकमेला प्रतीक्षा कालावधी नव्याने लागतो. तेथे कंपनीला दोष देता येत नाही.

कॅशलेस (कंपनीने रुग्णालयाचे बिल थेट भरणे) नाकारणे म्हणजे क्लेम नाकारणे नव्हे. बिल भरून मूळ पावत्या, डिस्चार्ज समरी व तपासण्यांचे अहवाल घ्यावेत आणि मुदतीत परताव्याचा क्लेम करावा. तोही नाकारला तर कलमासह लेखी कारण मागावे. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या क्लेम्स रिव्ह्यू कमिटीच्या (क्लेम आढावा समितीच्या) मंजुरीविना क्लेम फेटाळता येत नाही.

कंपनीकडून चौदा दिवसांत दाद न मिळाल्यास नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे (विमा तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येते. मुंबई आणि पुण्यात कार्यालये आहेत. नकारापासून वर्षाच्या आत अर्ज हवा. ५० लाखांपर्यंतची भरपाई मिळू शकते, शुल्क नाही, वकील चालत नाही. तेच प्रकरण ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून आधी लोकपालच गाठावा.

दुरुस्तीपत्र आले की त्यात घरातल्या प्रत्येकाची तारीख तपासावी. फक्त रुग्णाचीच नोंद सुधारून प्रकरण मिटवले, तर पती-पत्नीपैकी दुसऱ्याच्या आजारपणात हाच वाद पुन्हा उभा राहतो. चूक उघडकीस आल्यावर सर्व सदस्यांच्या तारखा आपणहून दुरुस्त करण्याचे बंधन नियामकाने कंपन्यांवर घालावे.

— एक विमा सल्लागार, पुणे