जुन्नरची लेणी जुन्नरकरांना कोण वाचून दाखवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये शिवनेरीचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, तेव्हा जुन्नरात पेढे वाटले गेले. आमच्या दुकानातूनही वाटले. तेव्हापासून गडावर येणारी माणसं वाढली याचा आनंदच आहे. पण एक गोष्ट मनात सलते आहे आणि ती आपल्या पत्रातून मांडावी असं वाटलं.

आमचं जुन्नरात तीन पिढ्यांचं धान्याचं दुकान आहे. शिवनेरीवर लहानपणापासून किती वेळा गेलो याची मोजदाद नाही. शिवाईला नमस्कार, शिवजन्मस्थान, कडेलोट टोक आणि परत. कड्यात लेणी आहेत हे माहीत होतं, पण ती कोणाची, कशासाठी, हे कधी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. मागच्या हिवाळ्यात एका अभ्यासकांबरोबर लेणी पाहायला जाण्याचा योग आला. आम्ही बावीस जण होतो. त्यातले जुन्नरचे फक्त चार, बाकीचे पुण्या-मुंबईहून आलेले.

निघण्यापूर्वीच त्यांनी बजावलं: अत्तर लावलेलं असेल तर मागे राहा, आरडाओरडा नको, वर आग्या मोहोळं आहेत. आणि अक्षरांवर खडू फिरवायचा नाही, पाणी मारायचं नाही. ऊन तिरपं होईपर्यंत थांबायचं, मग अक्षरं आपोआप उठून दिसतात. आम्ही थांबलो. ऊन कलल्यावर खरोखरच दगडावर एक ओळ उमटली. ते बोट न लावता एकेक अक्षर वाचत गेले: यवणस चिटस गतानं भोजणमटपो देयधम सघे. 'भोजणमटपो' म्हटल्याबरोबर आमच्यातल्या एक आजी, शाळेची पायरी न चढलेल्या, पटकन म्हणाल्या, "म्हणजे भोजनमंडपच की!" बरोबर तेच. चिट नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक माणसाने, बौद्ध भिक्षुसंघाला दान दिलेला भोजनमंडप. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने इथेच 'बे पोढियो', म्हणजे पाण्याची दोन टाकी दिली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही प्राकृत भाषा, आणि आजींना ती विनासायास कळली. त्या क्षणी अंगावर काटा आला.

असे लेख जुन्नरभोवती जागोजागी आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी मिळून दोनशेच्या वर लेणी आहेत. देशात एका गावाभोवती इतकी लेणी दुसरीकडे नाहीत. लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनासाठी दरवर्षी लाखो भाविक पायऱ्या चढतात, मीही चढतो. ज्या प्रशस्त, बिनखांबी दालनात आपण हात जोडतो, तो मुळात भिक्षूंचा विहार, आणि भोवतीच्या लहान खोल्या त्यांच्या राहण्याच्या. शेजारच्या चैत्यगृहावर, म्हणजे भिक्षूंच्या प्रार्थनागृहावर, दानलेख आहे, कल्याणच्या हेरणिकाचा (सोनाराचा) मुलगा सुलसदत याचा. कल्याण बंदरातला माणूस इथे दान का देतो, हे कळायला नाणेघाट पाहावा लागतो, कारण कल्याणहून जुन्नरला येणाऱ्या मालाची वाट तीच. हे सांगितल्याने गणपतीचा मान तसूभरही कमी होत नाही. मला तर त्या पायऱ्या चढताना आता जास्त भरून येतं.

नाणेघाटातल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. सातवाहनांनी केलेले अश्वमेध-राजसूय यज्ञ, दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी, सगळं आकड्यांसकट कोरलेलं. मागच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते, त्यातले आता केवळ पाय उरलेत आणि वर नावं. पावसाळ्यात उलटा धबधबा पाहायला येणारी गर्दी आडोशाला याच गुहेत शिरते आणि भिंतीला टेकून उभी राहते. ती माणसं वाईट नाहीत. पाठीमागे काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

सरकारने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं. रस्ते, फलक यांची कामं व्हायलाच हवीत. पण फलकावरच्या चार ओळींना उलटा प्रश्न विचारता येत नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे: ब्राह्मी, म्हणजे या लेखांची लिपी, वाचता येणाऱ्या अभ्यासकाबरोबर महिन्यातून एक ठरलेली फेरी, मराठीतून, आणि तिची वेळ इथल्या शेतकऱ्याला, दुकानदाराला, शाळेतल्या पोरांना जमणारी. आदल्या संध्याकाळी गावातच व्याख्यान. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह असतो, सुरुवात तेव्हा करता येईल. पुण्याहून बस भरून फेऱ्या येतात, त्यांचं स्वागतच आहे. मात्र ज्या गावच्या कड्यात हे कोरलं आहे, तिथल्या दहावीच्या मुलाला आपल्या गावाबद्दलचं भाषण ऐकायला नव्वद किलोमीटर जावं लागू नये. अशा दोन-चार मुलांनी ब्राह्मी शिकून घेतली तर पुढे त्यांनाच फेरी नेता येईल.

त्या दिवशी उतरताना अभ्यासकांनी आणखी एका लेखाबद्दल सांगितलं. जुन्नरच्या एका लेण्यावर 'धंञिकसेणी'चं दान आहे. म्हणजे धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी, आजच्या भाषेत संघटना. त्यांनी सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दिली. घरी येऊन मी हे अण्णांना सांगितलं. त्यांचं सारं आयुष्य दुकानाच्या गादीवर गेलं, आता ऐंशी पार केलीय. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोणतं धान्य रे? बाजरी होती का तेव्हा इथं? का वरई-नाचणी?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी नंतर दोनदा विचारलं.

आमच्या दुकानामागची वखार सुगी संपली की रिकामी असते. शंभर माणसं आरामात बसतील. सतरंज्या, चहा आणि वक्त्यांच्या राहण्याची सोय आमच्याकडे. जाणकारांपैकी कोणी यायला तयार असेल, तर पहिला प्रश्न अण्णा विचारतील.

आपला,
एक धान्य दुकानदार
जुन्नर, जि. पुणे