पानावरची आठही नावे वाचणाऱ्या काकूंस

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

नाव कोठेही छापायचे नाही, या अटीवरच तुम्ही हे पत्र जाहीर करू दिलेत, म्हणून नुसते ‘काकू’ असे लिहितो. इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात राहून निवृत्तीनंतर तिथल्या चर्चच्या जुन्या नोंदवह्या हौसेने वाचणाऱ्या मराठी बाई, एवढ्यावरून कोणी तुम्हाला ओळखलेच, तर त्याला माझा इलाज नाही.

माझी आई भुसावळच्या रेल्वे वसाहतीत वाढली. तिचे पणजोबा इंग्रज होते, बॉयलर बांधणारे कारागीर होते आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या भायखळ्याच्या कारखान्यात नोकरीला आले होते, इतकेच आमच्या घरात ठाऊक होते. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली, त्यानंतर असे कितीतरी फिटर, ड्रायव्हर आणि बॉयलरवाले विलायतेतून करारावर आणले गेले. त्यांतलेच हे एक. पण ते कोणत्या गावचे, त्यांचे आईबाप कोण, हे सांगणारे कोणी उरले नव्हते, आणि ऐंशी ओलांडलेल्या आईने तर तोच ध्यास घेतला होता.

तुमच्याआधी आम्ही ज्यांच्याकडे गेलो, त्यांच्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. पैसे घेऊन वंशावळ काढून देणाऱ्या एका संस्थेने आम्हाला सोनेरी कडेच्या जाड कागदावर वंशवृक्ष पाठवला. शेंड्याला सिंहाचे मानचिन्ह आणि मुळाशी ग्लॉस्टरशायरमधले जमीनदार घराणे. इंग्लंडमध्ये मानचिन्ह आडनावाला मिळत नाही, ते एखाद्या व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळते, ही प्राथमिक गोष्टही त्यांना सोयीने विसरता आली. पुरावा मागितला तेव्हा त्यांनी उत्तर देणेच बंद केले. इथल्या एका कचेरीतल्या गृहस्थांनी तर अर्ज न वाचताच ‘इंग्रजांच्या नोंदी इंग्रजांकडे मागा’ असे ऐकवले. बोलणे उर्मट होते, पण योगायोगाने खरे निघाले, कारण मुंबई, मद्रास आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांतले पाद्री बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला वर पाठवीत, त्या लंडनला जात आणि आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आमच्या खापरपणजोबांचा १८६९ मधला मुंबईतला विवाह त्यांतच मिळाला. त्यात वराचे वय होते, धंदा होता, बापाचे नाव होते. फक्त गाव नव्हते.

तिथून पुढचा सगळा शोध तुमचा. एकाच नावाची आणि जवळजवळ एकाच वयाची दोन मुले तुम्ही समोर ठेवलीत, आणि त्यांपैकी संस्थेने आमच्या माथी मारलेला ग्लॉस्टरशायरचा मुलगा चौथ्या वर्षीच वारल्याची दफनाची नोंद काढून दाखवलीत. या वह्यांत १८१३ पासून वयासाठी छापील रकाना आहे; ती एक वही उघडली असती, तर त्या बिचाऱ्या बाळाला मुंबईला येऊन संसार थाटावा लागला नसता. दुसरा मुलगा १८५१ च्या जनगणनेत विल्टशायरमधल्या एका खेड्यात आईबापांजवळ सापडतो, १८६१ मध्ये स्विंडनला ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी करताना दिसतो आणि १८७१ मध्ये इंग्लंडात कोठेच नसतो. त्याच्या आईचे नाव केझिया. बायबलमधल्या ईयोबाच्या मुलीचे हे नाव माझ्या आईच्या आत्याचेही होते! आम्ही इकडे आनंदाने नाचायचेच बाकी होतो, पण तुम्ही लिहिलेत की नावावरून फक्त दिशा धरावी, निकाल देऊ नये. पुढे खापरपणजोबांचे मुंबईत केलेले मृत्युपत्र मिळाले आणि त्यात विल्टशायरमधल्या बहिणीला ठेवलेली रक्कम व तिच्या गावाचे नाव निघाले, तेव्हाच तुम्ही ‘बहुधा’ हा शब्द खोडलात.

या सगळ्याबद्दल मी तुमचा ऋणी आहेच, पण हे पत्र लिहायला बसलो तो वेगळ्याच कारणाने. १८४२ मधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीचे छायाचित्र तुम्ही पाठवलेत, तेव्हा आईला ते वाचता येणार नाही हे तुमच्या लक्षात आले होते, कारण तिची नजर आता फारच अधू झाली आहे. फोनवर तिने तुम्हाला सहज विचारले होते, “त्या पानावर आणखी कोणाकोणाची बाळे आहेत हो?” मी तिला गप्प करणार होतो. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी स्वतःच्या आवाजात ते अख्खे पान ध्वनिमुद्रित करून पाठवलेत. छापील वहीच्या एका पानावर आठ बाप्तिस्मे असतात. बाळाचे नाव, आईबापांची नावे, गाव, बापाचा धंदा, पाद्र्याचे नाव, अशा आठही नोंदी तुम्ही आधी इंग्रजीत जशाच्या तशा आणि मग मराठीत, सावकाश वाचल्यात. मजूर, मजूर, चांभार, मजूर, गाड्यांची चाके करणारा सुतार, पुन्हा मजूर. एका ठिकाणी थांबून तुम्ही म्हणालात, “इथे शाई फुटली आहे, हे आडनाव मला लागत नाही, म्हणून वाचत नाही.” आमच्या पूर्वजाच्या बापासमोरही ‘मजूर’ असेच होते.

जन्मभर ‘साहेबाची पणती’ हे चेष्टेचे बोलणे ऐकलेली माझी आई त्यावर मनापासून हसली आणि म्हणाली, “म्हणजे आपली माणसे हातावर पोट असणारीच होती की!” जमीनदार घराण्याने तिला जे समाधान दिले नव्हते, ते या शेतमजुराने दिले. आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला तिच्यासोबत ते ध्वनिमुद्रण शेवटपर्यंत ऐकावे लागते, त्या उरलेल्या सात बाळांसकट.

हे तुमच्यावर कोणी बंधनकारक केले नव्हते. नोंद पाठवली असती आणि थांबला असतात, तरी कोणी नाव ठेवले नसते. इंग्लंडमधल्या जन्म, विवाह आणि मृत्यूंच्या १८३७ पासूनच्या नागरी नोंदणीच्या सूच्या ओळीओळीने उतरवून जगाला फुकट देणारे ‘फ्रीबीएमडी’चे स्वयंसेवक, किंवा ब्रिटिश अमदानीत भारतात राहिलेल्या कुटुंबांची माहिती १९९८ पासून जमवणारी ‘फिबिस’ संस्था, यांच्याबद्दल वाचले तेव्हा अशा माणसांची मला उगाच शंका वाटे. एवढ्या कष्टात यांचा स्वार्थ काय असावा, असे मनात येई. आपल्याकडे कागद दाखवणे हीच मेहरबानी समजली जाते, त्याने बहुधा मनाला ही सवय लागते. परक्याचे काम घरच्यासारखे करणारी आणि जे वाचता येत नाही ते येत नाही म्हणणारी माणसे खरोखर आहेत, हे आम्ही तुमच्यामुळे जवळून पाहिले.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, उलट शिवडीच्या दफनभूमीतल्या काही कबरी तिकडच्या कुटुंबांसाठी शोधून देता येतील का, असे संकोचाने विचारलेत. संकोच कसला, काकू? पावसाळा सरून गवत कापले गेले की मी जाणार आहे. तुमच्या यादीतल्या नावांपुढे मृत्यूचे साल तेवढे लिहून पाठवा, म्हणजे तिथल्या दप्तरात पाहणे सोपे जाईल.

आईचे तुम्हाला आशीर्वाद आणि माझा नमस्कार.

आपला नम्र,
भुसावळच्या आजींचा मुलगा