जनरेटरच्या उष्णतेवर पाणी तापवण्याबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, रत्नागिरी

विषय : जनरेटरची वाया जाणारी उष्णता सोलरच्या टाकीत घेणे

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात वीज जाते आणि जनरेटर तासन् तास चालतो. त्याच दिवसांत ऊन नसल्याने गच्चीवरचा सोलर वॉटर हीटर गार पडलेला असतो. जनरेटरचा रेडिएटर मात्र तेव्हा गरम हवा बाहेर फेकत असतो.

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे 10 युनिट ऊर्जा असते. तिच्यातली पाव ते एकतृतीयांश वीज होते, जवळपास तितकीच कूलंटमध्ये (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात) उतरते, बाकीची धुरावाटे जाते. आपला 25 केव्हीएचा संच लिफ्ट, पंप आणि जिन्याचे दिवे मिळून 6 किलोवॉट देतो असे धरले, तर तासाला अडीच लिटरच्या आसपास डिझेल लागते. कूलंटमधून 6 किलोवॉट उष्णता मिळेल. तेवढ्यात तासाला 180 लिटर पाणी 27 वरून 55 अंशांवर जाते. विसण घातल्यावर वीस बादल्या सहज होतात, तेही जादा डिझेल न जाळता.

कूलंटची उष्णता प्लेटमधून पाण्याला देणारा हीट एक्स्चेंजर थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या) पुढे, रेडिएटरच्या आधी बसवावा. म्हणजे इंजिन गार पडत नाही, आणि टाकी तापून गेली तरी रेडिएटर आपले काम करतो. सोलरच्या टाकीतून पाणी खाली आणून पुन्हा वर सोडायला छोटा सर्क्युलेशन पंप पुरे. त्याची वीज जनरेटरच्याच लाइनवरून घ्यावी. कूलंट 70 अंशांच्या वर असेल आणि टाकी 60 च्या खाली असेल, तेव्हाच तो चालावा. पाइप सीपीव्हीसीचे, वर नायट्राइल फोम. फोम नसेल तर तीन मजले चढेपर्यंत बरीच उष्णता भिंतीलाच जाईल.

हीट एक्स्चेंजरच्या प्लेटच्या निवडीत काटकसर नको. जांभ्यातल्या विहिरींचे पाणी अनेकदा किंचित आम्लधर्मी असते, ते प्लेट जोडणाऱ्या तांब्याच्या ब्रेझिंगला खाते. मे महिन्यात पाणी मचूळ झाले की क्लोराइड वाढतात आणि गरम पाण्यात 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलला बारीक भोके पडतात. म्हणून 316 प्रतीच्या, गास्केटच्या, खोलून धुता येणाऱ्या प्लेट घ्याव्यात. त्या बाथरूमच्या अॅसिडने कधीही धुऊ नयेत. सायट्रिक अॅसिड वापरावे.

कूलंटमधले ग्लायकॉल विषारी आहे. टाकी गच्चीवर असल्याने पाण्याचा दाब साधारण 1.2 बार, रेडिएटरच्या झाकणाचा त्याहून कमी. त्यामुळे प्लेट फुटली तर पाणी कूलंटमध्ये शिरेल, उलट नाही. तरीही दुहेरी भिंतीची प्लेट घ्यावी आणि हे पाणी फक्त आंघोळीला वापरावे. रेडिएटरची पातळी आपोआप वाढू लागली, तर प्लेट गळते असे समजून जोडणी लगेच बंद करावी.

उष्णतेसाठी धुराच्या नळीला हात लावू नये. धूर फार गार केला की आम्ल साचते, काजळी धरते आणि इंजिनावर उलटा दाब येतो. जनरेटरवरचा भार क्षमतेच्या 30 टक्क्यांच्या खाली राहिला की अर्धवट जळलेले तेल सायलेन्सरमध्ये साचते, ते मात्र टाळता येईल : टाकीत 3 किलोवॉटचा हीटर बसवून तो जनरेटरवर चालवावा. त्याने तासाला पाऊण लिटरच्या आसपास जादा डिझेल जाईल, पण पाणीही तापेल. लिफ्ट सुरू होताना रिलेने (आपोआप चालणाऱ्या स्विचने) हीटर सुटलाच पाहिजे, नाहीतर व्होल्टेज कोसळेल.

वीज असताना केवळ गरम पाण्यासाठी जनरेटर लावणे आम्हाला मान्य नाही. ते महाग पडते.

इंजिन कंपनीच्या सर्व्हिस मेकॅनिकची लेखी संमती आणि मे महिन्यातल्या पाण्याचा तपासणी अहवाल हाती आल्यावरच कोटेशन मागवावीत. हा विषय येत्या समिती सभेत घ्यावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
संस्थेचे सभासद