धरणाचा वर्ग गावालाही कळू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मान्सूनपूर्व तपासणीचे दिवस आहेत म्हणून हे पत्र. पाटबंधारे खात्यात स्थापत्य अभियांत्रिकी सहाय्यक म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो. आता लांजा तालुक्यात एका मातीच्या धरणाखालच्या वाडीत राहतो. धरण किती भरलं हे वाडीतलं पोरही सांगेल. ते धोक्याच्या कोणत्या वर्गात आहे आणि शेवटच्या तपासणीत काय त्रुटी निघाल्या, हे सरपंचांनाही माहीत नाही.

२०२१च्या धरण सुरक्षितता कायद्यात १५ मीटरपेक्षा उंच सगळी धरणं येतात. १० ते १५ मीटरमधली काही अटींवर येतात, उदाहरणार्थ साठा दहा लाख घनमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर. या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक आहे. त्रुटींच्या श्रेणी तीन: पहिली म्हणजे धरण फुटण्याची भीती, दुसरी ताबडतोब दुरुस्तीची, तिसरी किरकोळ. धोक्याचा वर्ग वेगळा; धरण फुटलंच तर खाली किती माणसं, घरं सापडतील यावरून तो ठरतो. त्यामुळे भिंत ठणठणीत असली तरी पायथ्याशी वाडी असेल, तर तो वर्ग वरचाच राहणार. आमच्याकडे डोंगरातून उतरणाऱ्या नदीला सपाटी मिळते तिथेच भातखाचरं आणि तिथेच घरं.

मातीचं धरण थोडं पाझरणारच. मधला चिकणमातीचा गाभा पाणी अडवतो, जे झिरपतं ते गाळणीच्या थरातून पायथ्याच्या चरात उतरतं. ते नितळ आहे आणि तलावाच्या पातळीबरोबर कमी-जास्त होतं, तोवर घाबरू नये. गढूळ आलं की समजावं, आतली माती वाहते आहे. मग सकाळची वाट पाहायची नसते. आमच्या धरणाच्या खालच्या उतारावर आकेशिया आणि ऐन मनगटापेक्षा जाड झालेत. असं झाड मेलं की मुळं कुजतात आणि मागे पोकळ नळ्या राहतात. शिवाय त्या गर्दीत ओल कुठे फुटली हे तपासायला आलेल्या माणसाला दिसणार कसं?

सांडवा म्हणजे धरण भरल्यावर जादा पाणी बाहेर जाण्याची वाट; त्याबद्दल गावकऱ्यांनाही हात जोडून सांगतो. चढणीचे मासे धरायला तिथे जाळी, बांबू लावू नका. उन्हाळ्याला पाणी पुरावं म्हणून दगड, पोती रचून सांडवा उंच करू नका. एप्रिलमध्ये विहिरी आटतात तेव्हा बायकांचे काय हाल होतात ते मी रोज बघतो, पण मातीच्या धरणावरून पाणी वाहणं त्याला सोसत नाही. माथ्यावरून ओसंडलं की उतार खरवडला जातो आणि भिंत जाते.

२ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर खेकड्यांनी भिंत पोखरल्याचं कारण पुढे आलं. खेकडे कोकणात कुठल्या धरणाला नाहीत? बिळं वेळेवर दिसावीत, बुजवावीत, यासाठीच तर तपासणी असते.

मागणी साधी आहे. प्रत्येक धरणावर मराठीत फलक लावा: उंची, साठा, धोक्याचा वर्ग, त्रुटींची श्रेणी, तपासणीची तारीख, आणि गढूळ पाणी दिसलं तर रात्री कोणाला फोन करायचा तो नंबर. आपत्कालीन कृती आराखडा कायद्यानेच सक्तीचा केला आहे. त्यातला पुराचा नकाशा ग्रामपंचायतीत लावा, म्हणजे कोणत्या घराने कोणत्या वाटेने चढायचं ते आधी ठरेल. दहा मीटरपेक्षा लहान तलाव कायद्याच्या चौकटीबाहेर राहतात. त्यांच्याखालीही वस्त्या आहेत, म्हणून जिल्हा प्रशासनाने त्यांची पाहणी स्वतःहून करावी.

आमच्या धरणाचा अहवाल मी लेखी मागितला. उत्तर आलेलं नाही. पावसाआधी तो ग्रामसभेत आला, तर वाचून समजावून सांगायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियांत्रिकी सहाय्यक
ता. लांजा, जि. रत्नागिरी