घडलं कधी, कळलं कधी : माझ्या संकलक ताईंना पत्र

आदरणीय ताई,
सा. न. वि. वि.

माझी कथा छापलेला दिवाळी अंक हातात आला त्याच संध्याकाळी तुमच्याकडे यायला निघालो होतो. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तर दाराला कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं की डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तुम्ही मुलीकडे नाशिकला गेला आहात, महिनाभर तरी येणार नाही. तेव्हापासून हे पत्र मनात रोज लिहितोय, आज कागदावर उतरवतो. उघडपणे लिहायचं कारण एवढंच, की तुम्ही मला जे दाखवलंत ते माझ्यासारखंच एखादं बाड घेऊन वर्षानुवर्षं अडून बसलेल्या कुणाच्या तरी हाती पडावं. तुमचं नाव घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे.

मी सोसायटीच्या पावत्या वाटत आलो होतो, आठवतं? काखेत फाईल होती. "ही पण सोसायटीची?" असं तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, "नाही, माझी कथा आहे. बाबांवरची. सहा वर्षं चाललीय." तुम्ही फाईल मागून घेतलीत आणि दारातच उभ्या राहून पहिली काही पानं वाचलीत. आवडलं की नाही, काहीच बोलला नाहीत. फक्त विचारलंत, "हे सगळं तुला याच क्रमानं कळलं का रे?"

नव्हतं कळलं. पण तोवर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मलाही सुचला नव्हता.

त्या बाडातली कथा 18 जानेवारी 1982 ला सुरू व्हायची. मुंबईतल्या गिरण्यांचा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. बाबा साचेखात्यात विणकर, मी सहा वर्षांचा. जूनमध्ये मला टायफॉइड झाला, उतरला आणि पुन्हा उलटला. इस्पितळ, इंजेक्शनं, आईचं मंगळसूत्र गहाण. सप्टेंबरात बाबा पोलीस बंदोबस्तात पुन्हा कामावर गेले. संप मोडून. शेजारच्या खोलीतले काका, बाबांच्या बाजूच्या साच्यावर काम करणारे, ज्यांनी माझं नाव सुचवलं होतं, त्यांनी त्या दिवसापासून बाबांशी अबोला धरला. तो 2009 मध्ये बाबा गेले तोवर सुटला नाही. मी हे सगळं तारीखवार लिहिलं होतं. त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती, आणि तरी वाचताना मलाच ते एखाद्या अर्जासारखं वाटायचं.

मला कळलं ते असं. सगळ्यात आधी अबोला. गणपतीच्या आरतीला बाबा जिन्यापाशी उभे राहायचे आणि काका गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि मला ती चाळीची रचनाच वाटायची, जसा नळ एका बाजूला आणि संडास दुसऱ्या. मग बाविसाव्या वर्षी, नोकरी लागल्याचे पेढे वाटत फिरताना एका म्हाताऱ्यानं पेढा परत ताटात ठेवला. "संप फोडणाऱ्याच्या घरचं नको," म्हणाला. त्या रात्री मी बाबांना काही विचारलं नाही, पुढेही कधी नाही. आणि बाबांच्या तेराव्यानंतर, आई त्यांचे कपडे वेगळे करत होती तेव्हा, तिनं जाता जाता म्हटलं, "ते कामावर गेले तेव्हा तुझ्या सुया चालू होत्या." बस, एवढंच. जे माझ्याच शरीराला झालं होतं ते मला सगळ्यात शेवटी कळलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला बोलावलंत. तुमच्या टेबलावर पांढऱ्या कार्डांचा गठ्ठा होता. मी काही विचारायच्या आधीच तुम्ही स्टीनबेकबद्दल, म्हणजे सिनेमाच्या संकलनाच्या यंत्राबद्दल, बोलायला लागलात. फिल्मचे कापलेले तुकडे खिळ्यांना टांगलेले, खाली कापडी अस्तराची पेटी, मेणाच्या पेन्सिलीच्या खुणा. तुमचं एक वाक्य मी तेव्हाच फाईलच्या मागे लिहून घेतलं : "तुकडा हातात असतो तेव्हा त्याला काल नसतो आणि उद्याही नसतो. तो कशाच्या मागे लावतेस त्यावर त्याचा काळ ठरतो, हे मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं." मग कथेतला प्रत्येक प्रसंग एकेका कार्डावर लिहायला लावलात. डाव्या कोपऱ्यात लाल शाईनं घडल्याचा आकडा, उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईनं मला कळल्याचा. एकेचाळीस कार्डं झाली. त्यातल्या जेमतेम सहा कार्डांवर लाल आणि निळा आकडा सारखा होता.

पुढच्या रविवारी तुम्ही सिनेमा दाखवणार असं धरून मी आलो, आणि तुम्ही महाभारत काढलंत.

त्या दुपारचं ऋण फार मोठं आहे. माझ्या डोळ्यांपुढे संजय म्हणजे राजवाड्यात धृतराष्ट्राशेजारी बसून, दिव्य दृष्टीनं दिसणारी लढाई तिथल्या तिथे सांगणारा माणूस. तुम्ही भीष्मपर्व उघडून दाखवलंत. संजय रणांगणावरून धावत येतो तो युद्धाच्या दहाव्या दिवसानंतर, आणि पहिलीच बातमी देतो : भीष्म पडले. धृतराष्ट्र कोसळतो, विलाप करतो, मग विचारतो की हे झालं कसं. आणि तेव्हा कुठे संजय पहिल्या दिवसाच्या सकाळपासून सांगायला लागतो. गीता येते ती त्यानंतर. तिच्या पहिल्याच श्लोकातल्या "किमकुर्वत"मधलं क्रियापद भूतकाळी आहे, त्यांनी काय केलं असं राजा विचारतोय. मी लहानपणापासून तो श्लोक म्हणत आलोय आणि त्यातला काळ कधी ऐकलाच नव्हता.

मग तुम्ही दुसऱ्या अध्यायाकडे गेलात. अर्जुन म्हणतो, भीष्म आणि द्रोण, ज्यांची पूजा करायची त्यांच्यावर मी बाण कसे सोडू? हे ऐकणाऱ्या आंधळ्या म्हाताऱ्याला आधीच माहीत आहे की बाण सुटलेत आणि भीष्म त्याच बाणांवर निजलेत. "आता वाच पुन्हा," असं तुम्ही म्हणालात. मी वाचलं. तोच श्लोक, पण आता अर्जुनाच्या रथाइतकाच मला धृतराष्ट्राचा चेहरा दिसत होता. द्रोण, कर्ण, शल्य यांच्या बाबतीतही तसंच : आधी सेनापती गेल्याची बातमी, मग तो कसा गेला त्याची हकिगत. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतही हाच क्रम आहे, हे तुम्ही मुद्दाम सांगितलंत, कारण मी विचारलं होतं की हे मागाहून कुणी घुसडलेलं तर नाही ना.

"शेवट सांगून टाकला की उत्सुकता जाते," हा माझा समज त्या दुपारी गेला. एक उत्सुकता जाते. तिच्या जागी जे येतं त्याला मला अजून नेमका शब्द सापडलेला नाही. एखाद्याला निरोप देऊन आल्यावर त्याचा जुना फोटो बघताना जे होतं, तसलं काहीतरी.

सिनेमा त्यानंतर आला. ऑर्सन वेल्सचा 1941 चा 'सिटिझन केन' मी आधी पाहिला होता, पण तुमच्याबरोबर पाहिला तो वेगळाच. केन मरतो, लगेच बातमीपटात त्याचं अख्खं आयुष्य दहाएक मिनिटांत संपतं, आणि उरलेला सिनेमा त्याला ओळखणाऱ्या माणसांच्या तोंडून पुन्हा मागे जातो. तुम्ही मला एकच गोष्ट बघायला सांगितली होती : केनच्या दुसऱ्या बायकोच्या, सूझनच्या, ऑपेराची पहिली रात्र दोनदा येते. केनचा मित्र लेलँड सांगतो तेव्हा कॅमेरा रंगमंचावरून वर वर जात माळ्यावर पोचतो, तिथला कामगार गाणं ऐकून नाक दाबतो. तीच रात्र सूझन सांगते तेव्हा आपण तिच्याबरोबर रंगमंचावर उभे असतो, आणि समोर प्रेक्षागृहाचा नुसता काळोख. तुम्ही रिमोट खाली ठेवलात आणि विचारलंत, "तुझ्या बाबांचा कामावर जायचा दिवस कुणाकुणाला दिसला होता?"

त्यातून माझी कथा उभी राहिली, ताई. तो दिवस आता दोनदा येतो. आधी काकांच्या बाजूनं : गॅलरीत उभं राहून ते बघतात, पहाटे बाबा जिना उतरतात आणि त्यांच्या हातात डबा आहे. आठ महिने त्या चाळीत कुणाच्या हातात डबा दिसला नव्हता. काकांना तेवढं पुरतं. बऱ्याच पानांनंतर तोच दिवस आईच्या बाजूनं : तो डबा मोरीवर घासताना त्याच्या तळाशी धरलेला गंज निघत नाहीये, आणि ती आत झोपलेल्या पोराच्या कपाळाला ओल्या हातानं हात लावून बघते. डबा एकच. आधी लिहिलं होतं तेव्हा त्या सकाळीत डबा नव्हताच, कारण तारीखवार लिहिताना मला त्याची गरज पडली नव्हती.

एका जागी तुम्ही मला अडवलंत, आणि त्याचे आभार मला सगळ्यात जास्त मानायचे आहेत. कार्डं लावून झाल्यावर मी टायफॉइडचं कार्ड शेवटी ठेवलं होतं. मला वाटलं की आपल्याला शेवटी कळलं, तर वाचकालाही शेवटी कळू दे, म्हणजे बाबांबद्दलचं त्याचं मत झटक्यात फिरेल. तुम्ही ते कार्ड उचललंत. "ही सुटका झाली," म्हणालात. "कोर्टात शेवटच्या क्षणी साक्षीदार यावा तशी. बाबा सुटले, पण काका अडकले. आता काका दुष्ट. तुला तसं म्हणायचंय?" मला तसं म्हणायचं नव्हतं. काकांच्या घरातही तेव्हा चूल धड पेटत नव्हती, त्यांच्या मुलाची शाळा त्याच वर्षी सुटली होती, आणि ते कामावर गेले नव्हते. तुम्ही ते कार्ड मधोमध सरकवलंत, आईच्या त्या अर्ध्या वाक्यापुरतं, कपड्यांच्या घड्यांमध्ये. वाचक तिथं थांबला तर थांबला.

मग शेवटी काय, हा प्रश्न उरला. तुम्ही 1994 चा 'पल्प फिक्शन' लावलात. मारामारीचा सिनेमा तुम्हाला कसा आवडतो याचं मला नवल वाटलं होतं. तुम्ही त्याची संकलक सॅली मेंकी हिच्याबद्दल किती जिव्हाळ्यानं बोललात ते आठवतंय. सिनेमाच्या मध्यावर मारला गेलेला व्हिन्सेंट शेवटच्या दृश्यात आपल्या जोडीदाराबरोबर हॉटेलच्या दारातून बाहेर पडतो, जिवंत, धडधाकट, त्याला पुढचं काही ठाऊक नाही. तुम्ही काहीच समजावलं नाहीत. मी घरी गेलो आणि लाल शाईत '1' लिहिलेलं कार्ड शेवटी ठेवलं : संपाच्या आधीची शनिवारची रात्र, पाळी संपवून आलेले बाबा आणि काका गॅलरीत, दोघांत एकच चहा, अर्धा कपात, अर्धा बशीत, आणि मी काकांच्या मांडीवर. ते माझ्या आठवणीतलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात पुसट चित्र. आधीच्या बाडात ते पहिल्या पानावर होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नव्हतं.

आणखी एक. क्रम मोडायची मला चटक लागली होती तेव्हा तुम्ही तीही मोडलीत. इस्पितळाचा भाग मी उगाच पुढेमागे केला होता. तुम्ही 'मेमेंटो' या उलट्या क्रमानं चालणाऱ्या सिनेमाचं उदाहरण दिलंत. त्याच्या एका डीव्हीडीवर तो सिनेमा सरळ क्रमानं बघायची सोय लपवून ठेवलेली आहे. सरळ बघितला की कथानक समजतं, पण पाच मिनिटांपूर्वीचं न आठवणाऱ्या त्या माणसाच्या डोक्यात आपण असत नाही. "सरळ करून बघ. काही हरवलं तर वाकडं ठेव. नाही हरवलं तर सरळच राहू दे." इस्पितळाचं सरळ करून बघितलं, काहीही हरवलं नाही. तापाचे अकरा दिवस आता एकामागून एक येतात.

अंक निघाल्यावर चौथ्या दिवशी काकांच्या मुलाचा फोन आला. तो आता बदलापूरला असतो. काका गेल्याला सहा वर्षं झाली. कथेबद्दल तो फार बोलला नाही. ती बशी निळ्या काठाची होती, एवढं त्यानं सांगितलं. मी ती पांढरी लिहिलीय.

तुमचा कार्डांचा डबा अजून माझ्याकडेच आहे, रबरासकट. तुम्ही परत आलात की निरोप द्या, अंकाची प्रत आणि डबा घेऊन येतो. डोळ्यांना इतक्यात ताण देऊ नका. वाचायचं असेल तर मी बसून वाचून दाखवीन.

तुमचा,
चौथ्या मजल्यावरचा